उंबऱ्यापर्यंतचा केर

फ्रुमा : बादली खाली ठेवा. झाडूही खाली. आणि इकडं वळा, तोंड बघू दे चोराचं… अगंबाई! रेब नाफ्तुले, तुम्ही?

नाफ्तुले : हळू बोल. तो झोपलाय.

फ्रुमा : मी त्यालाच पकडायला आले होते! भर दुपारी, अख्खं गाव झोपलेलं, कुत्रीसुद्धा गाडीखाली सावलीला पडलेली, आणि मी साठीची बाई उन्हातून कुंपणाची तार वाकवून आत शिरले. म्हटलं, आज सेलिगला रंगेहाथ धरते. आणि हाती लागलं कोण, तर त्याचा वैरी.

नाफ्तुले : सेलिगला कशात धरणार होतीस?

फ्रुमा : पलंगावरून उठण्यात. पाराना शहरातल्या डॉक्टरनं काय बजावलंय? डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. दहा दिवस मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. टाका तुटला तर हा डोळा गेला, आणि दुसरा तर कधीच गेलाय. शिवाय घरात धूळ उडू द्यायची नाही. आज सहावा दिवस. मी एक वाजता सगळं झाडून-शिंपून घरी जाते, चारला परत येते. तेवढ्यात या उत्तरेच्या वाऱ्यानं ओसरीवर बोटभर माती साचायला हवी. तर ओसरी ओली! केर काढलेला! बादलीतलं पाणी चार बोटं खाली! आणि घरात माणूस एकच, तोही उताणा. मग मी काय समजायचं?

नाफ्तुले : तोच उठून झाडतो, असं?

फ्रुमा : त्याला विचारलं तर म्हणतो, मला काय विचारतेस, माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे. आणि काल शनिवारी तर माझी खात्रीच पटली. शनिवारी ओसरी ओली होती, पण केर जागच्या जागी.

नाफ्तुले : शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याला, मातीच्या जमिनीवर झाडू फिरवायचा नसतो. खळगे बुजले तर ते काम झालं. पाणी शिंपडलेलं चालतं.

फ्रुमा : तेच म्हणते मी! म्हणजे चोर नियम पाळणारा यहुदी, आपल्यातलाच. तो ख्रिस्ती रामोन गडी असता तर सगळं झाडून, वर शीळ घालत गेला असता.

नाफ्तुले : तू पोलिसात जायला हवं होतंस.

फ्रुमा : पोलिसांना एवढी अक्कल लागत नाही. बरं, चोर सापडला. आता चोरानं आल्या वाटेनं जावं. तार वाकवलेलीच आहे.

नाफ्तुले : कोपरा राहिलाय.

फ्रुमा : कोपरा मी बघते. रेब नाफ्तुले, उगाच माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. तुम्हाला माझी वही माहीत आहे.

नाफ्तुले : आजारी भेट मंडळाची.

फ्रुमा : तीच. पुढच्या पानांवर कोण आजारी, कोणाची पाळी कधी, कोण सूप नेणार. आणि मागच्या पानावर…

नाफ्तुले : कोण कोणाशी बोलत नाही.

फ्रुमा : एक्केचाळीस जोड्या. मी काही हौसेनं लिहिल्या नाहीत. सात वर्षांपूर्वी नजरचुकीनं बेल्ला राबिनला तिच्या जावेकडं पाठवलं. बिचारी खरंच लिंबं घेऊन गेली होती. जावेचा ताप दोन अंशांनी चढला. तेव्हापासून मागचं पान बघितल्याशिवाय मी कोणाला कोणाच्या दारात पाठवत नाही. नियम माझा नाही, वाडवडलांचा आहे. वैऱ्यानं आजाऱ्याला भेटायला जाऊ नये. आजाऱ्याला वाटतं, हा माझी फजिती बघायला आला. आणि त्या पानावर पहिली ओळ कोणाची आहे?

नाफ्तुले : माहीत आहे.

फ्रुमा : सेलिग काप्लुन, नाफ्तुले राविच. पुढं कंसात, टोळधाडीचं वर्ष. शाई इतकी जुनी की पिवळी पडलीय. तेवीस वर्षांत तुम्ही दोघं प्रार्थनाघरात एका बाकावर बसला नाहीत. प्रार्थनेला दहा माणसं लागतात, त्यातला दहावा कमी पडला तरी एक जण आत आणि एक जण खिडकीबाहेर उभा राहून आकडा पुरा करायचात. आणि आज त्याला दिसत नाही, हलता येत नाही, तर तुम्ही त्याच्या ओसरीवर. त्याला कळलं तर तो काय करेल? ताडकन उठेल. ओरडेल. आणि टाका?

नाफ्तुले : म्हणून तर हळू बोल म्हणतोय.

फ्रुमा : माझ्यावरच शेकवताय?

नाफ्तुले : फ्रुमा, एक विचारू? आजाऱ्याला भेटायला जायचं नाही, असे आजार किती?

फ्रुमा : आता परीक्षा घेणार माझी?

नाफ्तुले : तू सेक्रेटरी आहेस.

फ्रुमा : तीन. पोटाचा, कारण माणूस घाण करतो आणि लाजतो. डोक्याचा आणि डोळ्यांचा, कारण बोलायचा त्रास होतो. त्यांच्या खोलीत जायचं नाही. बाहेरच्या बाजूला थांबायचं, घरच्यांना विचारायचं, काही हवं-नको, झाडून देऊ का, पाणी शिंपून देऊ का.

नाफ्तुले : मित्रानंसुद्धा?

फ्रुमा : सगळ्यांनीच.

नाफ्तुले : मग झालं. पाय मोडला असता, तर मित्र आत गेला असता आणि मी कुंपणाबाहेर. डोळ्याचा आजार आहे. मित्र ओसरीवर, वैरीही ओसरीवर. इथं आम्ही सारखे. तीन दिवस विचार केला मी. त्याला घरी आणलं त्या दिवसापासून नाही आलो, तिसऱ्या दिवसापासून आलो.

फ्रुमा : अरे देवा. तीन दिवस हेच उगाळत बसला होतात?

नाफ्तुले : कोंबड्यांना दाणे टाकता टाकता. आणि मी उंबरा ओलांडलेला नाही. बघ, ओल कुठं संपते ते.

फ्रुमा : …अगदी रेघ मारल्यासारखी.

नाफ्तुले : तू मात्र आत जाऊन बडबडतेस.

फ्रुमा : मग सूप काय खिडकीच्या झडपेतून ओतू? आणि बडबड म्हणजे काय, त्याचं मन रमवते. मोजून ठेवलंय मी. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आजाराचा साठावा हिस्सा उचलून नेतो, खरं ना? आत्तापर्यंत बावन्न जण ओसरीवर येऊन गेले. अजून आठ आले की झाला माणूस बरा. उद्या सोमवारच्या गाडीनं रोसारियोहून त्याची लेक येतेय, दोन पोरं आणि नवरा घेऊन. चार ते. शाळेच्या मास्तरीणबाईंना म्हटलंय…

नाफ्तुले : तसा नसतो तो हिशेब.

फ्रुमा : कसा असतो मग?

नाफ्तुले : पहिला येतो तो सगळ्याचा साठावा नेतो. दुसरा येतो तो उरलेल्याचा साठावा. तिसरा त्याच्याही उरलेल्याचा. साठ येऊन गेले तरी एक तृतीयांशाहून जास्त आजार जागेवरच राहतो. मी एकदा बसून आकडेमोड केली होती.

फ्रुमा : कोणासाठी?

नाफ्तुले : केली होती एकदा. शिवाय कोणीही आलं आणि हिस्सा उचलला, असं चालत नाही. त्याच्याच वेळेला जन्मलेला माणूस लागतो. बाकीचे नुसते येतात आणि जातात.

फ्रुमा : नुसते येतात? माझे बावन्नच्या बावन्न फुकट? अहो, अर्धा डबा स्ट्रुडेल खाऊन गेलेत ते!

नाफ्तुले : फुकट नाही. त्याला बरं वाटलं असेल. पण साठावा हिस्सा नाही.

फ्रुमा : थांबा, थांबा. त्याच्याच वेळेला जन्मलेला… तुम्ही दोघं…

नाफ्तुले : स्टेशनाच्या गुदामात. बोटीवरून उतरवून माणसं तिथं ठेवली होती, पोत्यांवर. तो मंगळवारी, मी गुरुवारी. सुईण एकच. दोर कापायची कात्रीसुद्धा एकच.

फ्रुमा : म्हणजे सबंध वसाहतीत ज्याला याचा आजार उचलता येतो असा माणूस एकच, आणि त्यालाच दारात यायची बंदी! वरती बसलेल्यालाही दुपारी झोप येत नाही वाटतं. चेष्टा सुचतात.

नाफ्तुले : मी काही उचलायला आलेलो नाही. धूळ बसवतो, एवढंच. सोसायटीच्या कचेरीत तू सांगत होतीस की दोन ते चारच्या पाळीला कोणी नाव देत नाही. आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. माझ्या गोठ्यातून ही खिडकी दिसते. धुळीचा लोट उठतो, सरळ हिच्यात शिरतो. त्याच्या पट्टीखाली एक कण गेला तर?

फ्रुमा : मी स्वतःच आले असते, पण डॉक्टर माझाही रक्तदाब तपासून म्हणाला, दुपारी पडून राहायचं. गाव सगळंच पडून राहतं, कोणाला बोल लावू? एकदा क्लारा आली, तर इथंच खुर्चीत घोरली.

नाफ्तुले : तर मग. मी गेलो, तर दोन ते चार कोण? गुरुवारी पट्टी निघेल. मग त्याला दिसेल. तेव्हा मी येणार नाही. फक्त गुरुवारपर्यंत.

फ्रुमा : एवढा पुळका आजच का आला, हे मला कळायला हवं. मी कोणाच्या ताटात काय आहे ते विचारत नाही…

नाफ्तुले : तू विचारतेस.

फ्रुमा : बरं, विचारते. पण मंडळाच्या कामासाठी. खरं सांगा, का?

नाफ्तुले : हेर्शल गुरुजींची गोष्ट आठवते? रब्बी अकिवाचा एक शिष्य आजारी पडला. शहाण्यांपैकी एकही फिरकला नाही. मग गुरू स्वतःच गेला. त्यानं ना प्रवचन दिलं ना औषध. त्याच्यासाठी जमीन झाडली गेली, पाणी शिंपलं गेलं. पोरगा म्हणाला, गुरुजी, तुम्ही मला जगवलंत.

फ्रुमा : आठवते तर! आणि गोष्ट संपली की हेर्शल गुरुजी शाळा झाडायला तुम्हा दोघांनाच लावायचे. धर्माचा धर्म आणि फुकटचा गडी.

नाफ्तुले : मी शिंपायचो, तो झाडायचा. मी ओलं जास्त केलं की चिखल व्हायचा, तो झाडूनं मारायचा मला. तू बाकावर पाय वर घेऊन हसायचीस. तेव्हा मला रेब नाही, तू म्हणायचीस.

फ्रुमा : ते टोळांनी खाल्लं. जवसाबरोबर.

नाफ्तुले : हं.

फ्रुमा : सरका जरा, कोपरा मी… हे काय आहे?

नाफ्तुले : काय?

फ्रुमा : हे. खिडकीच्या अंगाला टेकवून ठेवलेलं. रोज मी पुढच्या दारानं येते, मला ही बाजू दिसतच नाही. हा पत्रा कोणाचा?

नाफ्तुले : झडपेची एक पट्टी मोडलीय. तिथून धूळ आत जायची. म्हणून आडोसा.

फ्रुमा : मी विचारलं पत्रा कोणाचा. याला सोसायटीचा शिक्का आहे. वरच्या कडेला दोन भोकं आहेत, खुंटीला बांधायची. रेब नाफ्तुले, हा त्या तिसांतला आहे?

नाफ्तुले : हो.

फ्रुमा : हात लावू नका मला! उभी राहू दे. तीस पत्रे! सोसायटीनं तुमच्या दोघांच्या शेतांना मिळून दिलेले. टोळ अडवायला दोघांच्या जवसाच्या पुढं ओळीनं उभे केलेले. आणि तुम्ही काय केलंत? सेलिग शेतात नाही असं बघितलंत, त्याच्या बाजूचे उपटलेत आणि तीसच्या तीस स्वतःच्या शेतापुढं लावलेत. संध्याकाळपर्यंत त्याच्या जवसाची काडी उरली नाही. त्या हिवाळ्यात माझ्या बहिणीनं, सेलिगच्या बायकोनं, शिवणयंत्र विकलं. पर्लनं! लग्नात आईनं दिलेलं. आणि आज तुम्ही त्यातला पत्रा घेऊन…

नाफ्तुले : दुसरा नव्हता माझ्याकडे.

फ्रुमा : तेवीस वर्षांत एकदा तोंडानं म्हणालात? चुकलं म्हणून?

नाफ्तुले : दर वर्षी मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी, एकमेकांची माफी मागायच्या दिवशी, त्याच्या फाटकापर्यंत यायचो. तू वहीत बघ, ते नसेल. फाटकापर्यंत यायचो आणि परत जायचो. पत्रे कमी होते, जीव घाबरा झाला होता, असं म्हणता आलं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. मला माहीत होतं तो शेतात का नाही.

फ्रुमा : का नव्हता? हे तर आमच्या घरात आजवर कोणाला कळलं नाही! सगळे धूर करायला, डबे वाजवायला धावले, आणि हा गायब. रात्री आला, तोंड धुतलं, बसला. पर्ल विचारून विचारून दमली. मरेपर्यंत तिला वाटत होतं, सुताराच्या मागच्या खोलीत पत्ते कुटत बसला असेल. मीही तसंच समजत आले.

नाफ्तुले : पत्ते?

फ्रुमा : मग कुठं होता?

नाफ्तुले : …आमच्या घरी. माझ्या बापाजवळ.

फ्रुमा : काय?

नाफ्तुले : बापाला पोटाचं झालं होतं. शेवटचे महिने. अंथरुणात व्हायचं सगळं. तो कोणाला खोलीत येऊ देत नसे, मलासुद्धा नाही. लेकानं बघू नये म्हणायचा. सेलिगला येऊ द्यायचा. सेलिग मागच्या दारानं यायचा, दर दोन दिवसांनी. त्याला उचलायचा, धुवायचा, कपडे विहिरीमागं जाळायचा. बापानं त्याच्याकडून शब्द घेतला होता, गावात कोणाला कळता कामा नये.

फ्रुमा : म्हणून तो पर्ललासुद्धा…

नाफ्तुले : कोणालाच नाही. त्या दिवशी घंटा वाजली, उत्तरेकडून बिनपंखी टोळांचा लोंढा उड्या मारत येताना दिसला, तेव्हा तो माझ्या बापाला अंघोळ घालत होता. अर्ध्यात कसा सोडणार? मी अंगणात होतो. मला दिसत होतं खिडकीतून. आणि मी पत्रे उपटायला गेलो.

फ्रुमा : नाफ्तुले…

नाफ्तुले : साठाव्याचा हिशेब मी तेव्हाच केला होता. बापासाठी. एकटा सेलिग यायचा. एकाच्या येण्यानं किती उतरतं, ते बघत होतो.

फ्रुमा : आणि मी आपली तेवीस वर्षं मेहुण्याला जुगारी समजतेय.

(झडपेआडून आवाज येतो. ओठ फारसे न हलवता बोललेला, सपाट, पण जागा.)

सेलिग : फ्रुमा, तुझी कुजबुज स्टेशनापर्यंत जाते.

फ्रुमा : हलू नको! सेलिग, मान हलवू नको! इथं कोणी नाही, मी एकटीच आहे, मला उन्हानं भोवळ आली म्हणून स्वतःशीच बोलत होते…

सेलिग : पुरुषाच्या आवाजात?

फ्रुमा : पिशव्या जागेवर आहेत का? दोन्ही?

सेलिग : आहेत. मी उठत नाही. एवढ्यासाठी डोळा घालवायला मी वेडा नाही. नाफ्तुले.

नाफ्तुले : हं.

सेलिग : पहिल्याच दिवशी ओळखलं मी.

नाफ्तुले : शिंपण्यावरून?

सेलिग : कसलं शिंपणं! पत्र्यावरून. वारा सुटला आणि वाळू पत्र्यावर आपटायला लागली. ताड ताड ताड. तो आवाज मी माझ्या थडग्यातूनही ओळखेन. टोळ असेच आदळत होते. फक्त तेव्हा लांबून ऐकला होता, तुझ्या बापाच्या खोलीतून. मनात म्हटलं, नाफ्तुले पत्रा घेऊन आला.

फ्रुमा : आणि मला सांगतोस, माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे!

सेलिग : मग खोटं काय सांगितलं? नाफ्तुले, हा एक झाला. बाकीचे एकोणतीस कुठं आहेत?

नाफ्तुले : खुराड्यावर. बरेच गंजलेत.

सेलिग : अंडी तरी बरी देतात का कोंबड्या? माझ्या पत्र्यांखाली?

नाफ्तुले : बेताची.

फ्रुमा : हसू नको! सेलिग, तुझं पोट हलताना दिसतंय मला झडपेतून! डॉक्टरनं हसायला मनाई केलीय!

सेलिग : मी हसत नाही. मी रागावलोय. रागावू नको, असं डॉक्टर म्हणाला नव्हता. नाफ्तुले, पत्र्यांचं राहू दे. जवस तेव्हाच संपला. पण हे आत्ता काय केलंस?

नाफ्तुले : काय केलं?

सेलिग : तुझ्या बापाला मी शब्द दिला होता. तेवीस वर्षं तोंड शिवून बसलो. बायकोनं जुगारी म्हटलं, ऐकून घेतलं. तिला पुरलं तेव्हाही बोललो नाही. आणि तू पाच मिनिटांत सांगून टाकलंस, तेही कोणाला? माझ्या मेहुणीला! वहीवालीला! चारपर्यंत सोसायटीत, सहापर्यंत बेकरीत, आणि आठच्या गाडीनं रोसारियोला.

फ्रुमा : हे बरं आहे! मी इथं उभी आहे!

सेलिग : म्हणूनच बोलतोय. म्हातारा लाजायचा, फ्रुमा. मी धूत असताना तोंड भिंतीकडं करायचा. मेल्यावर माणसाची लाज संपत नाही. ती दुसऱ्यानं सांभाळायची असते.

नाफ्तुले : तू कुठं होतास ते तिनं विचारलं. पर्ल तुला वाईट समजून गेली. निदान हिनं तरी समजू नये, असं वाटलं.

सेलिग : तुला वाटलं.

नाफ्तुले : तुझा जवस घालवला. तुझं नावही मीच घालवलं. बापाची लाज राखायची, की तुझं नाव? दोन्ही हातांत घेऊन उभा होतो. एक खाली ठेवलं. चुकलं असेल. पण सेलिग, ते तर चुकलंच होतं. पत्र्यांचं. मला दिसत होतं तू काय करतोयस, आणि तरी मी गेलो.

सेलिग : तू आलास की फाटक किरकिरायचं, दर वर्षी. मी आत बसून ऐकायचो. म्हणायचो, येऊ दे याला दारापर्यंत, मग उठतो. तू यायचा नाहीस. मीही उठायचो नाही.

फ्रुमा : आता रडूही नको! मनाई आहे! नाफ्तुले, तू पण रडू नको, तुझं बघून तो रडेल!

सेलिग : मला दिसत नाही, फ्रुमा.

फ्रुमा : ऐकू येतं ना! रडायचंच असेल तर मी रडते. माझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत. आणि एक सांगते, दोघांनीही ऐका. म्हाताऱ्याचं मी कोणाला सांगणार नाही. माझ्या वहीत एक्केचाळीस भांडणं आहेत, पण त्यांतली कारणं किती जणांना माहीत आहेत? कंसात मी काय लिहिते? टोळधाडीचं वर्ष. पुराचं वर्ष. बेल्लाच्या लग्नाचं वर्ष. कारण कधी लिहीत नाही. तुम्हाला वाटतं सेक्रेटरी म्हणजे भोंगा. सेक्रेटरी म्हणजे झाकण.

सेलिग : झाकण जरा खडखडतं.

फ्रुमा : खडखडू दे. उघडत तर नाही. पर्लच्या थडग्यापाशी मात्र जाईन एकदा. तिला सांगायला हवं. ती कोणाला सांगणार नाही.

सेलिग : तिला सांग.

फ्रुमा : आणि मागचं पान? पहिली ओळ खोडू का? म्हणजे याला रीतसर दोन ते चारची पाळी लावता येईल. कायदेशीर.

सेलिग : खोडू नको.

फ्रुमा : का रे बाबा? अजून काय उरलंय?

सेलिग : पाळी लावलीस की माणूस उशिरा यायला लागतो. क्लारा बघ. खुर्चीत घोरत होती, मी उंदीर समजलो.

नाफ्तुले : वारा फिरला. ऐक.

फ्रुमा : हो की. आली धूळ. बघ बघ, फाटकाजवळ लोट उठला! पत्रा धर, नाफ्तुले, पडेल!

नाफ्तुले : नाही पडायचा. खुंटी ठोकलीय. तू सावलीत बस, तुझं रक्त वर चढेल. बादली इकडं दे.

फ्रुमा : घे. अरे, जरा कमी, चिखल करशील!

सेलिग : अजूनही जास्तच ओततो का?

फ्रुमा : अजूनही.

सेलिग : नाफ्तुले, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला कोरडं आहे. नाकात माती येतेय.

नाफ्तुले : आत यायचं नसतं. डोळ्याच्या आजाऱ्याला भेटायला आत जायचं नाही, असा नियम आहे. वैऱ्यानं तर नाहीच.

सेलिग : तू भेटायला आलायस?

नाफ्तुले : नाही.

सेलिग : मग पलंगाखालून सुरुवात कर. फ्रुमा तिथवर वाकत नाही.